थिंकस्मार्ट व्ह्यूवर लिनक्स टाकताना या चुका टाळा

लेनोव्होचा थिंकस्मार्ट व्ह्यू २०२० साली आला तो ऑफिसच्या टेबलावर बसून मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या मीटिंगा करायला. आठ इंची पडदा, १२८० × ८०० पिक्सेल, क्वालकॉमची एपीक्यू८०५३ चिप म्हणजेच स्नॅपड्रॅगन ६२४, २ जीबी रॅम, ८ जीबी साठवण आणि आत अँड्रॉइड ८.१. पुढे ऑफिसांनी हे डबे मोडीत काढले आणि अमेरिकेत ते ई-बेवर स्वस्तात मिळू लागले. माझा पहिला डबा न्यू जर्सीच्या आतेभावाच्या बॅगेतून, मसाल्याच्या रिकाम्या डब्यांच्या मधोमध, पुण्यात पोचला. त्यावर मला पोस्टमार्केटओएस टाकायची होती आणि तो स्वयंपाकघरात घड्याळ, हवामान आणि घरातले दिवे-पंखे दाखवणारा फलक म्हणून लावायचा होता.

पोस्टमार्केटओएस २०१७ पासून चालू आहे. ती अल्पाइन लिनक्सवर उभी आहे आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या फोन-टॅबलेटांना पुढची काही वर्षं चालवणं हा तिचा उद्देश. आतापर्यंत मी असे तीन डिस्प्ले केले. पहिला दोन दिवस ‘मेला’ होता. खरं तर तो मेलेला नव्हताच, मीच त्याला मेलेला समजून बसलो होतो. प्रत्यक्ष फ्लॅशिंग, म्हणजे यंत्राच्या साठवणीत नवी व्यवस्था लिहिणं, हे पंधरा-वीस मिनिटांचं काम. चुका होतात त्या त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर, म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

दिसायला सारखा म्हणजे तोच असं नाही

थिंकस्मार्ट व्ह्यूचा मॉडेल क्रमांक सीडी-१८७८१वाय. तो यंत्राच्या लेबलवर छापलेला असतो, आणि आधी तो वाचायचा. लेनोव्होनेच २०१८ मध्ये गुगल असिस्टंट असलेला आठ इंची स्मार्ट डिस्प्ले काढला होता. दोघे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, चिपही त्याच घराण्यातली. पण त्या दुसऱ्यात अँड्रॉइड थिंग्ज होतं आणि पार्टिशनांची, म्हणजे साठवणीतल्या कप्प्यांची, मांडणी वेगळी. ‘चिप तीच आहे, चालून जाईल’ म्हणत एकाची फर्मवेअर दुसऱ्यावर टाकली की पार्टिशन टेबलच बदलतं, आणि तिथून परत येणं कटकटीचं असतं.

हाच नियम बाकीच्या कंपन्यांच्या डिस्प्लेंनाही लागू. गुगल नेस्ट हबच्या दुसऱ्या पिढीवर उबुंटू हे लिनक्स चालवून दाखवलं गेलं ते २०२२ मध्ये. फ्रेडरिक बास या सुरक्षा संशोधकाने बूटलोडरच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, यूएसबी हाताळणीतली चूक शोधली आणि रास्पबेरी पाय पिको बोर्डला खोटा पेन ड्राइव्ह बनवून तिचा फायदा घेतला. ते वाचून लोक कुठलाही नेस्ट हब विकत घेऊन बसतात. पण अशी भोकं अपडेट आली की बुजतात. तुमच्या यंत्रात नेमकी कुठली आवृत्ती आहे, यावर सगळा खेळ. मला विचाराल तर पहिल्याच प्रयोगाला सिक्युअर बूट (कंपनीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं कुलूप) फोडावं लागेल असं यंत्र घेऊच नका.

विकत घेण्याआधी पोस्टमार्केटओएसच्या विकीवरचा त्या यंत्राचा तक्ता बघा. पडदा, स्पर्श, वाय-फाय, आवाज, कॅमेरा यांपैकी काय चालतं आणि काय नाही हे तिथे असतं. तुम्हाला व्हिडिओ कॉल हवेत आणि कॅमेऱ्यापुढे ‘चालत नाही’ लिहिलंय, तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही. आणखी एक: अमेरिकेतून आणलेल्या अडॅप्टरच्या पट्ट्या आपल्या सॉकेटात बसत नाहीत. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं आहे का ते बघा. असेल तर चाळीस-पन्नास रुपयांची कन्व्हर्टर पिन पुरते.

लॅपटॉपला काहीच दिसत नाही

या डब्याचा यूएसबी-सी पोर्ट बाहेरून झाकलेला असतो आणि बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. तो सापडला की पहिली चूक म्हणजे घरात सापडेल ती केबल जोडणं. हेडफोनबरोबर आलेल्या कित्येक केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. माझी अख्खी संध्याकाळ अशाच एका केबलीने खाल्ली. मी ड्रायव्हर तीनदा टाकले, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि शेवटी केबल बदलली तर क्षणात यंत्र दिसलं. केबल डेटाची आहे का हे ओळखायला तिने एखादा फोन लॅपटॉपला जोडून फाइल पाठवून बघा.

लिनक्सवर खात्री करायला, जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा पुरे. यंत्र फास्टबूटमध्ये (बूटलोडरच्या, लॅपटॉपवरून साठवणीत लिहू देणाऱ्या मोडमध्ये; लॅपटॉपवरच्या आज्ञेचं नावही तेच) असेल तर यादीत एक नवी ओळ येते, आणि क्वालकॉमच्या इमर्जन्सी डाउनलोड मोडमध्ये (त्याबद्दल पुढे) असेल तर ९००८ हा आकडा दिसतो. ओळ दिसते पण फास्टबूट ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत बसतं, तर दोष केबलीचा नाही, परवानगीचा आहे. यूडेव्हचे नियम (कुठलं यंत्र कोणी वापरायचं हे लिनक्सला सांगणारे) टाका, किंवा एकदा सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, चालवून बघा. काही लॅपटॉपांच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट मध्येच लटकतं. साधा यूएसबी २ चा हब मध्ये लावला की सुटतं. कारणात शिरू नका, हब लावा.

व्हर्च्युअल मशीनमधून हे करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. यंत्राने मोड बदलला की त्याची यूएसबी ओळखही बदलते. तुम्ही फास्टबूटसाठी फिल्टर लावलेला असतो, यंत्र ९००८ म्हणून परत येतं, ते मूळ विंडोजकडे जातं, आणि तुम्ही आत वाट बघत बसता. दोन्ही ओळखींसाठी फिल्टर लावा. डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, यूएसबी थेट पोचतच नाही. तिथे इमेज बनवून फ्लॅशिंग मात्र विंडोजच्या फास्टबूटने करणं सोपं.

बॅकअप न घेता पुढे जाणं

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त लोक करतात तीही हीच.

मघाशी म्हटलेला इमर्जन्सी डाउनलोड मोड, म्हणजे ईडीएल, हा चिपच्या आत कायमचा कोरलेला असतो. साठवणीतलं सगळं पुसलं गेलं तरी तो राहतो. थिंकस्मार्ट व्ह्यूवर दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरायची आणि मग अडॅप्टरची पिन खोचायची. पडदा काळाच राहतो. काहीच झालं नाही असं वाटून लोक बटणं सोडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, पण काळा पडदा हेच तिथे बरोबर आहे. एलएसयूएसबीत ९००८ दिसला की झालं.

या मोडमध्ये दोन टप्पे असतात. आधी सहारा नावाच्या प्रोटोकॉलने एक छोटा प्रोग्रामर चिपमध्ये चढवायचा, मग तो फायरहोज प्रोटोकॉलने साठवण वाचू-लिहू देतो. हा प्रोग्रामर त्या यंत्राच्या सहीचाच लागतो. दुसऱ्या फोनचा, ‘चिप तीच’ म्हणून उचललेला प्रोग्रामर सहसा नाकारला जातो.

इथे अडकण्याची दोन ठरलेली ठिकाणं आहेत. पहिलं म्हणजे लिनक्सवरचा मोडेममॅनेजर, इंटरनेटचे डोंगल सांभाळणारी सेवा. त्याला ९००८ दिसला की तो त्याला डोंगल समजून गप्पा मारायला जातो, सहाराची बोलणी बिघडतात आणि तुम्हाला अगम्य चुका दिसतात. काम सुरू करण्याआधी ती सेवा थांबवा. दुसरं म्हणजे वेळ आणि शिळी अवस्था. एक आज्ञा फसली की चिप अर्धवट बोलणीतच अडकते. पुढची आज्ञा कितीही बरोबर असली तरी ‘सहारा फेल’ येत राहतं. पिन काढा, पुन्हा ईडीएलमध्ये या आणि लगेच आज्ञा चालवा. विंडोजवर क्यूफिल हे क्वालकॉमचं फ्लॅशिंगचं साधन वापरणाऱ्यांनाही हेच लागू. सगळ्या फाइली आधी निवडून ठेवायच्या आणि यंत्र शेवटी जोडायचं.

एकदा दार उघडलं की पूर्ण साठवण वाचून घ्या. ८ जीबीच तर आहे! ‘फक्त बूट आणि सिस्टिम घेतो’ असं करू नका. पर्सिस्टसारख्या पार्टिशनांमध्ये त्या एका यंत्राचीच माहिती असते, उदाहरणार्थ वाय-फायचा पत्ता किंवा सेन्सरचं कॅलिब्रेशन. ती दुसऱ्या कुणाच्या डब्यातून उसनी आणता येत नाही. पार्टिशन टेबलही वेगळं जपून ठेवा.

बॅकअप घेतला म्हणजे तो चांगलाच असेल असं नाही. माझ्या दुसऱ्या डब्याच्या वेळी सगळ्या फाइली होत्या, पण एक शून्य बाइटची होती, कारण मध्येच केबल हलली होती. तेव्हापासून मी बूट पार्टिशन दोनदा वाचतो आणि दोन्हींचा शा२५६ (फाइलचा ठसा) ताडून बघतो. जुळला तरच पुढे. फाइली पेन ड्राइव्हवरही ठेवा, कारण तीन महिन्यांनी लागतात तेव्हा लॅपटॉप फॉरमॅट झालेला असतो.

या यंत्रात बॅटरी नाही. लॅपटॉपला आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि लिहिणं अर्ध्यावर असताना लाइट जाते. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, म्हणून गुरुवारी मी या डब्याला हात लावत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्या पॉइंटवरच लावा.

फ्लॅश करताना

पोस्टमार्केटओएसची इमेज बनवणारं पीएमबूटस्ट्रॅप हे साधन प्रश्न विचारत जातं: चॅनेल कोणतं, कंपनी कोणती, यंत्र कोणतं, पडद्यावर काय हवं. यादीत तुमचं यंत्र दिसत नसेल तर बहुतेक तुम्ही स्थिर आवृत्ती निवडली आहे. ‘टेस्टिंग’ गटातली यंत्रं एज या सतत बदलत्या चॅनेलवरच असतात.

पडद्यासाठी काय निवडायचं यात लोक हावरटपणा करतात. २ जीबी रॅममध्ये पूर्ण ग्नोम डेस्कटॉप आणि वर क्रोमियमचे चार टॅब उघडले की यंत्र रांगायला लागतं. फलकच हवा असेल तर केज नावाचा छोटा कंपोझिटर (पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम) आणि त्यात एकच ब्राउझर, एवढं पुरतं. हाताने वापरायचं असेल तर फोश हे फोनसाठी बनवलेलं रूप बरं.

फ्लॅश करताना ‘इनव्हॅलिड स्पार्स फाइल फॉरमॅट अ‍ॅट हेडर मॅजिक’ अशी ओळ आली तर घाबरून केबल ओढू नका. फाइल मोठी आहे म्हणून फास्टबूट तिचे तुकडे करतंय, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी ‘ओके’ येईपर्यंत थांबा. मी पहिल्या वेळी केबल ओढली होती.

आणि बूटलोडर परत लॉक करण्याच्या फंदात पडू नका. ‘सुरक्षित राहील’ म्हणून काही जण सगळं झाल्यावर लॉकची आज्ञा देतात. कंपनीची सही नसलेली व्यवस्था आणि बंद कुलूप एकत्र आलं की यंत्र सुरू व्हायलाच नकार देतं.

‘ब्रिक झाला’ म्हणण्याआधी

ब्रिक होणं म्हणजे यंत्राची नुसती वीट होणं. माझा पहिला डबा दोन दिवस मेला होता त्याची गोष्ट ही. एमएसएम८९५३ घराण्यातल्या चिपांवर, म्हणजे याही चिपच्या घराण्यात, साधारणपणे एलके२एनडी नावाचा दुसरा बूटलोडर वापरतात. मूळ बूटलोडर तसाच राहतो, तो बूट पार्टिशनमधून एलके२एनडीला उठवतो आणि एलके२एनडी खऱ्या लिनक्सला. एलके२एनडी स्वतः बूट पार्टिशनच्या सुरुवातीला बसतो आणि स्वतःच्या फास्टबूटमध्ये उरलेला भागच ‘बूट’ म्हणून दाखवतो. म्हणजे फास्टबूट दोन आहेत, दिसायला सारखे, आणि ‘बूट’ या शब्दाचा दोघांचा अर्थ वेगळा!

मी मूळ फास्टबूटमधूनच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बूट पार्टिशनवर लिहिला. एलके२एनडी पुसला गेला. पडद्यावर लोगो येई, जाई, पुन्हा येई. फोरमवर लोकांचे रडगाणे वाचून मी दोन दिवस घालवले. उपाय तीन मिनिटांचा निघाला: मूळ फास्टबूटमध्ये जाऊन एलके२एनडी बूटवर टाका, व्हॉल्यूम खाली बटण दाबून धरून त्याच्या स्वतःच्या फास्टबूटमध्ये या, आणि बाकीचं तिथून लिहा. आपण कुठल्या फास्टबूटमध्ये आहोत अशी शंका आली तर ‘फास्टबूट गेटव्हार ऑल’ चालवा. तिथे एलके२एनडीचं नाव दिसतं किंवा दिसत नाही.

पडदा काळा आहे याचा अर्थ यंत्र चालू नाही असाही नसतो. पॅनेलचा ड्रायव्हर किंवा मागचा दिवा चालला नाही तरी आत लिनक्स मजेत चालू असू शकतं. यूएसबी केबल जोडून दोन मिनिटं थांबा आणि १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएच करून, म्हणजे टर्मिनलमधून यंत्रात शिरून, बघा. पोस्टमार्केटओएस यूएसबीवरून हाच पत्ता घेते. आत गेलात तर यंत्र जिवंत आहे आणि आता फक्त पडद्याचा प्रश्न उरला. कर्नलचा लॉग वाचा. पुन्हा सगळं टाकल्यावर एसएसएच ‘ओळख बदलली आहे’ म्हणून भलीमोठी धमकी देतं. तेही साहजिक आहे, पत्ता तोच पण यंत्राची किल्ली नवी. जुनी नोंद एसएसएच-कीजेनच्या आर पर्यायाने काढा. तयार इमेज वापरली असेल तर पासवर्ड १४७१४७ असतो. तो सगळ्या जगाला माहीत आहे, वाय-फाय जोडण्याआधीच बदला.

आणि यातलं काहीच चाललं नाही, तरी दोन बटणं दाबून ९००८ येतोय तोवर यंत्र मेलेलं नाही. त्यासाठीच तर बॅकअप घेतला.

चालू झाल्यावरची कुरबुर

चित्र आडवं पडलेलं दिसलं तर अशा डिस्प्लेंत बरेचदा पॅनेल मुळात उभं असतं आणि डब्यात आडवं बसवलेलं. सुरुवातीच्या अक्षरांसाठी कर्नलला एफबीकॉन रोटेटचा पर्याय द्यावा लागतो, पुढच्या पडद्यासाठी कंपोझिटरला वेगळं सांगावं लागतं. चित्र सरळ झालं आणि बोट डावीकडे टेकवल्यावर वरचं बटण दाबलं जातंय, तर स्पर्शाचा नकाशा फिरलेला नाही. स्वे या कंपोझिटरमध्ये इनपुटला त्याच आउटपुटशी बांधलं की दोन्ही एकत्र फिरतात.

अ‍ॅप्ट-गेट टाइप करणं सोडा, पॅकेजं टाकायला इथे अल्पाइनचं एपीके आहे. त्याहून फसवी चूक म्हणजे नेटवरून तयार बायनरी उतरवून चालवणं. फाइल समोर दिसते, परवानगी दिलेली असते, तरी शेल म्हणतं ‘नॉट फाउंड’. फाइल सापडली नाही असा त्याचा अर्थ नाही. ती बायनरी ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीसाठी बनलेली आहे, अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल आहे, आणि तिला लागणारा लोडर सापडला नाही. जीकॉम्पॅट टाकून बघा, नाहीतर फ्लॅटपॅकची आवृत्ती घ्या. चित्रपटांचं डिजिटल कुलूप उघडणाऱ्या वाइडवाइनचंही असंच दुखणं, म्हणून यावर नेटफ्लिक्स बघायचं स्वप्न असेल तर ते इथेच सोडा.

बूट झाल्या झाल्या एपीके अपडेट सर्टिफिकेटच्या नावाने ओरडलं तर आधी घड्याळ बघा. क्वालकॉमच्या यंत्रांत आतल्या घड्याळात लिनक्सला सहसा वेळ लिहिता येत नाही. वीज गेली की यंत्र कुठल्या तरी जुन्या सालात जागं होतं आणि सगळी सर्टिफिकेटं त्याला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात. हाताने तारीख द्या, मग क्रोनी ही घड्याळ जुळवणारी सेवा वेळ धरून ठेवते. एसडब्ल्यूक्लॉक-ऑफसेट हे पॅकेज फरक जपून ठेवतं, ते आहे ना हे पाहा. टाइमझोन एशिया/कोलकाता करायला विसरलात तर घड्याळ साडेपाच तास मागे राहील आणि दोष इंटरनेटला मिळेल.

दर दहा मिनिटांनी फलक गोठतो किंवा एसएसएच अडखळतं, तर वाय-फायची वीजबचत बंद करा. नेटवर्कमॅनेजरमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हला २ द्यायचे.

माइकचा आवाज येत नाही म्हणून पल्स, पाइपवायर, अल्सा असं लिनक्समधलं आवाजाचं सगळं उलथंपालथं करण्याआधी डब्यावरचं म्यूटचं बटण बघा. माझ्या मित्राने दोन तास घालवले, शेवटी त्याच्या मुलीने ते बटण दाबलं.

सगळं झाल्यावर मी डबा ओट्याशेजारी लावला आणि आईला दाखवला. तारीख, वार, हवामान सगळं मराठीत मांडलं होतं. पडद्यावर नुसते चौकोन. लॅपटॉपवर सगळं नीट दिसत होतं, कारण तिथे देवनागरी फॉन्ट आधीपासून होता. अल्पाइनच्या छोट्या इमेजमध्ये तो नसतो. फॉन्ट-नोटो-देवनागरी हे पॅकेज टाकलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि मंगळवार उमटला. आई म्हणाली, “आणि तिथी कुठाय?”